निवळ रक्ताचा ताळा

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चूक तुमची होती आणि तिची चिठ्ठी तुम्ही माझ्या पाठीवर चिकटवलीत. लाल कागद, त्यावर काळ्या शाईत 'निकामी' आणि खाली तुमची लफ्फेदार सही. मी निकामी नव्हतो. दोन्ही सोमवारी मी रक्त बरोबर फिरवलं होतं. जे पिवळं दिसलं ते पिवळंच होतं. तुम्हाला ते बघायचं नव्हतं, म्हणून तुम्ही मला खोटं पाडलंत.

मित्रांनो, मोठ्या माणसांशी असं बोलू नये असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मला शाळा नव्हती. मी जे काही शिकलो ते गरगर फिरता फिरता शिकलो, आणि फिरणाऱ्याला गोडगोड बोलायला वेळ नसतो.

मी एक जुना भोवरा आहे. दोरी गुंडाळून अंगणात फेकतात तो नव्हे. कागदोपत्री माझं नाव सेंट्रीफ्यूज. माझं अंग पत्र्याचं, पोटात मोटर, वर जड झाकण आणि आत गोल चकतीला आठ खोबण्या. त्या खोबण्यांत रक्ताच्या नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचं, बटण फिरवायचं. मिनिटाला तीन हजार फेरे. दहा मिनिटांनी झाकण उघडलं की रक्ताचे दोन भाग झालेले असतात. जड तांबडा भाग खाली आणि हलका पिवळसर पाणीदार भाग वर. त्या वरच्या पाण्यावरच सगळ्या तपासण्या होतात. म्हणजे डॉक्टर ज्या आकड्यांवर एवढे टेचात बोलतात, त्यांचं मूळ माझ्या पोटात असतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक बाई दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. तिने माझी मोटर गुंडाळली. शेवटी एक तपासनीस आला. त्याने माझ्या झाकणावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि मला पूर्ण वेगात फिरवलं. पेल्यातलं पाणी सांडलं तर नाहीच, त्यावर तरंगसुद्धा उमटला नाही. "हा जन्मभर जाईल," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. ऐकायला मिळालेली कौतुकं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, म्हणून तीच ती पुन्हा पुन्हा आठवतो.

मग मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आलो. खाली बसथांबा, शेजारी झेरॉक्सचं दुकान, समोर सायकली दुरुस्त करणारा. मला खिडकीजवळच्या टेबलावर जागा मिळाली. तिथली पांढरी फरशी एका कोपऱ्यात टवका उडालेली होती आणि त्या टवक्यात माझा एक रबरी पाय अगदी घट्ट बसायचा. मी तिथे सोळा वर्षं राबलो. सगळ्यांच्या वर साहेब, म्हणजे रुग्णालयाचे मोठे डॉक्टर.

माझ्याबरोबर दोन माणसं होती. एक मामा. ते रक्त काढायचे. ते कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. सुई टोचताना ते असं काही बोलायचे की रडणारं माणूस हसायचं आणि तेवढ्यात काम व्हायचं. माझं नाव भोवरा त्यांनीच ठेवलं. दुसरी निवळी. ती तपासनीस होती. नळ्या माझ्यात लावणं, काढणं, वरचं पाणी उपसून मोजणं ही तिची कामं. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. आम्ही तिला निवळी म्हणायचो, आणि त्यालाही कारण होतं.

मित्रांनो, रक्तात चरबी जास्त असली की वरचं पाणी गढूळ, दुधाळ दिसतं. मामांचं तसंच यायचं. दर सहा महिन्यांनी कर्मचाऱ्यांची तपासणी व्हायची आणि दर वेळी मामांच्या नळीत जणू कुणी खडू विरघळवलेला असायचा. निवळीची नळी मात्र काचेसारखी. वर्तमानपत्र मागे धरलं तर पलीकडची अक्षरं वाचता यावीत इतकी स्वच्छ. तिच्या कोलेस्टेरॉलचा आकडा वाचून नवे डॉक्टर मान वर करून विचारायचे, "हे रक्त कुणाचं?"

"अगं निवळी, हे रक्त तुला मिळालं तरी कुठे?" मामा म्हणायचे. "मी गवत खाऊन राहतो. तरी माझ्या नळीत चुना. तू डबाभर तळलेलं हाणतेस आणि तुझ्या नळीत झरा!"

"नशीब लागतं मामा."

"मग अर्धं मला दे ना. माझी चरबी घे बदल्यात, फुकट."

दोघंही हसायचे. पण मामांच्या हसण्यात थोडी जळजळ असायची. मला ती कळायची, कारण जळण्याच्या बाबतीत मी काही कमी नाही. सरळच सांगतो. मी मत्सरी आहे. लपवून काय उपयोग? मत्सराची मोटर आतून तापते आणि पत्र्याला हात लावला की कळतंच.

माझा मत्सर सुरू झाला तो महाराणी आली तेव्हापासून.

ती लाकडी पेटाऱ्यातून आली. सहा माणसांनी तिला उचललं. तिच्यासाठी बोळाच्या टोकाला काचेची खोली बांधली, आत थंडगार हवा सोडली. तिच्या खोलीत बाहेरच्या चपला घालून जायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही. तिला संध्याकाळी मऊ कापडाचं आवरण घालायचे. मला सोळा वर्षांत एकदा कुणीतरी जुन्या पडद्याचा तुकडा घातला होता, तोही दुसऱ्या दिवशी फरशी पुसायला गेला. आणि ऐका पुढे. तिच्या खोलीतल्या थंड हवेच्या यंत्राचं पाणी ज्या नळीतून बाहेर पडायचं, ती नळी माझ्या टेबलाशेजारून जायची. तिला गारवा मिळावा म्हणून दिवसभर माझ्या बाजूला टपटप. खाली बादली. ती भरली की ओतायची निवळी.

महाराणी काय करायची? ती माणसाच्या शरीरातली वारशाची अक्षरं वाचायची. आईवडिलांकडून आपल्याला नाक, डोळे, उंची मिळते, तसा आतल्या कारभाराचा नकाशाही मिळतो. त्या नकाशात कुठे कुठे एखादं अक्षर माणसामाणसात वेगळं असतं. ते कोणतं, हे ती सांगायची. तिच्या दिमतीला एक चष्मेवाली बाई होती. शिकलेली, कमी बोलणारी, चांगली. तिने एक अभ्यास काढला होता. कोणाच्या रक्तात चरबी जास्त का, कोणाच्या कमी का, यात वारशाचा हात किती. त्यासाठी तिने सगळ्या कर्मचाऱ्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाबहिणींचं रक्त मागितलं.

आता खरं दुखणं ऐका. महाराणीला रक्त तसंच चालत नाही. तांबड्या आणि पिवळ्या भागाच्या मधे एक पांढरट, कागदासारखा पातळ थर जमतो. तिला तो लागतो, वारशाची अक्षरं त्यात असतात. आणि तो थर वेगळा करून द्यायचा कोणी? मी! मी घाम गाळून ताट वाढायचं, महाराणीने जेवायचं, आणि साहेबांनी पाहुण्यांना तिच्या खोलीसमोर उभं करून म्हणायचं, "ही बघा आमची शान." पाहुणे माझ्या टेबलाला पाठ टेकवून तिला बघायचे. एकाने तर माझ्या झाकणावर हेल्मेट ठेवलं.

तेव्हा माझा एकच आधार होता, निवळी. रोज अकराच्या सुमारास, नळ्यांची पहिली खेप संपली की ती माझ्याजवळ यायची आणि उजवी कूस माझ्या तापलेल्या पत्र्याला टेकवून उभी राहायची. डोळे मिटून. चार-पाच मिनिटं. मला वाटायचं, हिला माझी माया आहे. महाराणीला थंड खोली असेल, पण माझ्या अंगाला टेकायला कुणीतरी येतं, असं मी मनात म्हणायचो आणि तेवढ्यापुरता मत्सर निवायचा.

कसला मूर्ख होतो मी. पण ते पुढे.

आमच्या प्रयोगशाळेत एक वहिवाट होती. बरोबर नव्हती, पण होती. यंत्रं नीट चालतात की नाही हे बघायला बाहेरून तयार नमुने मागवावे लागतात. त्यांचे आकडे आधीच ठाऊक असतात. आपल्याकडेही तेच आले तर यंत्रं ठीक. हे नमुने वेळेवर यायचे नाहीत. मग साहेबांनी एक शक्कल काढली. निवळीचं रक्त बारा महिने तेरा काळ सारखंच असतं. मग दर सोमवारी सकाळी मामांनी तिचं रक्त काढायचं, मी फिरवायचं, सगळे आकडे मोजायचे. ते नेहमीसारखे आले की यंत्रं ठीक, काम सुरू. याला सगळे 'सोमवारचा ताळा' म्हणायचे.

निवळीला याचा केवढा अभिमान! "अख्खी प्रयोगशाळा माझ्या रक्तावर चालते," ती घरी सांगायची. साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही आमची मोजपट्टी आहात." कधीकधी मला तिचाही हेवा वाटायचा. मोजतो मी, आणि मोजपट्टी ती.

पण मित्रांनो, माणसाला मोजपट्टी केलं की एक घोटाळा होतो. मोजपट्टी आजारी पडू शकते, हे लोक विसरतात.

पहिला सोमवार. मी फिरलो, थांबलो, झाकण उघडलं. निवळीच्या नळीतलं पाणी नेहमीचं नव्हतं. स्वच्छ होतं, पण पिवळेपणा गडद. पातळ वॉर्निशसारखा. तिने नळी खिडकीकडे धरली, भुवई उडवली आणि म्हणाली, "नळी जुनी दिसतेय." मोजलं तर काविळीचा आकडा नेहमीच्या चौपट. कोलेस्टेरॉल मात्र तसंच, सुरेख.

रोग्यांची रांग होती म्हणून काम थांबवलं नाही. दुपारी साहेब आले. कागद बघितला. माझ्याकडे बघितलं.

"हा भोवरा हलतोय. रक्ताच्या पेशी फोडतोय. त्यानेच आकडा चढला."

मामा म्हणाले, "साहेब, आज याच्यात सत्तर नळ्या फिरल्या. बाकीच्यांचे आकडे ठीक वाटतात."

"बाकीचे रोगी आहेत मामा. त्यांचं काहीही येऊ शकतं. हिचं येऊ शकत नाही."

हे वाक्य नीट ऐका. सत्तर साक्षीदार माझ्या बाजूने होते. एकटी नळी वेगळं सांगत होती. पण ती नळी मोजपट्टीची, म्हणून खोटा ठरलो मी!

मिस्त्री आला. त्याने माझं पोट उघडलं, मोटरचे कार्बन बदलले, धूळ काढली. मग झाकणावर हात ठेवून मला फिरवलं आणि म्हणाला, "याला काही झालेलं नाही. ज्या बाईचं रक्त आहे तिला कुणी विचारलं का, बाई गं, तू कशी आहेस?"

"तुम्ही तुमचं काम करा," साहेब म्हणाले.

आणि निवळी? तीसुद्धा हसली. "मला काय धाड भरलीय? थोडं पित्त झालंय, बाकी ठणठणीत." मिस्त्री हत्यारं आवरून गेला. त्या मिस्त्रीचं मला आजही अप्रूप वाटतं. सोळा वर्षांत एकानेच मला हात लावून माणसाची चौकशी केली.

दुसरा सोमवार. आकडा आणखी वर. नळीतलं पाणी आता गंजक्या पाण्यासारखं. मला ओरडायचं होतं. पण माझ्या घशात फक्त घरघर. मी घरघरलो. साहेब म्हणाले, "ऐका, आवाजही बदललाय." त्या दुपारी लाल कागद माझ्या पाठीवर बसला. दोघांनी मला उचललं आणि बोळात, साहेबांच्या दारासमोर, कपाट आणि खिडकीच्या मधल्या जागेत एका स्टुलावर ठेवलं. टेबलावर माझ्या जागी नवा कुणी आला नाही. रक्त आता महाराणीच्या खोलीत नुकत्याच आणलेल्या छोट्या, गुळगुळीत भोवऱ्यात फिरायला लागलं. तो तिचा खासा नोकर. आवाज नाही, घाम नाही. आणि मी समोरून काचेतून बघत बसलो. माझ्यावर फायली रचल्या.

त्या बोळात बसून पहिल्यांदा मला एक गोष्ट कळली. निवळी आता माझ्याजवळून जाताना थांबायची, पत्र्याला कूस टेकवायची आणि लगेच दचकून बाजूला व्हायची. मी थंड होतो. मग ती मूठ वळून उजव्या बरगडीखाली दाबायची आणि भिंतीला टेकायची. कपाळावर घाम. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती एवढे महिने माझ्यावर माया करत नव्हती. ती पोट शेकत होती. रोज अकराला, नाश्त्यानंतर, तिला कळ यायची आणि ती माझ्या उबेने कळ मारायची. मी मात्र महाराणीला खिजवत बसलो होतो की बघ, माझ्याकडे कुणी येतं!

तिसरा सोमवार. नव्या भोवऱ्यातून निघालेलं पाणीही गडद. आकडा आणखी वर. आता माझ्यावर ढकलायची सोय नव्हती. साहेब म्हणाले, "रसायनांची खेप खराब आलेली दिसते. परत पाठवा." निवळी रसायनांच्या बाटल्या खोक्यात भरायला बोळात आली. खिडकीतून ऊन आत पडलं होतं. समोरून मामा येत होते. ते थांबले.

"अगं, इकडे बघ."

"काय?"

"उन्हाकडे बघ. डोळे उघड नीट." मामांनी तिची हनुवटी धरली. त्यांचा आवाज एकदम पातळ झाला. "निवळी, तुझे डोळे पिवळेजर्द झालेत गं. रसायनं कसली परत पाठवतेस?"

ती काही बोलायच्या आत कळ आली. ती माझ्यावरच्या फायलींवर वाकली आणि खाली बसली. मामांनी साहेबांना विचारलं नाही. तिला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि तळमजल्यावर नेलं.

तळमजल्यावर एक जुनी सोनोग्राफी आहे. पडद्याच्या कोपऱ्यात तडा, चाकांपैकी एक चाक चिकटपट्टीने बांधलेलं. तिने पाच मिनिटांत सांगितलं. पित्ताच्या पिशवीत खडे, आणि एक खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकलेला. पित्त पुढे जात नव्हतं, ते रक्तात उलटत होतं. आणखी उशीर झाला असता तर आत विष झालं असतं. त्या सोनोग्राफीचाही मला हेवा वाटला, नाही असं नाही. पण तो हेवा मान खाली घालायला लावणारा होता. मी पिवळं पाणी दोनदा दाखवलं. तिने खडा दाखवला.

निवळीच्या तोंडातून बारीक नळी घालून अडकलेला खडा काढला. चार दिवस तिला ताप होता. ते चार दिवस मामा सुई टोचताना एकही विनोद करत नव्हते आणि सगळे रोगी रडत होते. मग ती सावरली आणि पित्ताची पिशवीच काढून टाकली. पाच आठवड्यांनी ती परत आली. सडपातळ, हळू चालणारी. तिच्या हातात एक प्लास्टिकची डबी होती. आत सात खडे. फिकट पिवळे, साबणाच्या झिजलेल्या तुकड्यांसारखे गुळगुळीत.

मामांनी डबी हलवून बघितली. "हे तुझ्या पोटात? त्या झऱ्याच्या शेजारी?"

चष्मेवाली बाई काचेच्या खोलीतून बाहेर आली. महाराणीचे निकाल आले होते. ती बोळातच, माझ्या स्टुलाजवळ उभी राहून सांगायला लागली.

"ताई, यकृताच्या पेशींत बारीक पंप असतात. ते कोलेस्टेरॉल उपसून पित्तात टाकतात. तुमच्या त्या पंपाच्या नकाशात एक अक्षर वेगळं आहे. तुमचा पंप जरा जास्तच उपसतो. म्हणून रक्तात ते कमी राहायला मदत होते. पण पित्तात त्याची गर्दी होते, आणि गर्दीचे खडे बनू शकतात."

"म्हणजे पुढची खोली झाडून सगळा कचरा मागच्या खोलीत?" मामांनी विचारलं.

"जवळपास तसंच. पण नीट ऐका, हे अक्षर असलं की खडे होतातच असं नाही. पुष्कळांना कधीच होत नाहीत. शक्यता वाढते, एवढंच. वय, वजन, बाळंतपणं, अशी बाकीचीही कारणं असतात."

निवळीने डबीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "ज्याच्यावर मी जन्मभर मिरवलं, त्याच्याच पाठीमागे हे लपलं होतं. पोटात कळ आली की मी स्वतःचाच अहवाल काढून बघायचे. एवढं सुंदर रक्त, मला काय होणार, म्हणायचे. आणि कामाला लागायचे."

मामांनी डबी तिच्या हातात दिली. "मी तुझ्या रक्तावर जळत होतो गं. काल माझीही सोनोग्राफी केली. एक खडा नाही. आता हसू की काय करू, कळत नाही."

"हसा. पण औषध चुकवू नका. तुमची चरबी काही मेली नाहीये."

पुढच्या आठवड्यात सभागृहात कार्यक्रम झाला. महाराणीपुढे फुलांचा गुच्छ. साहेब बोलले, "आमच्या अत्याधुनिक यंत्राने आमच्याच भगिनीचा आजार ओळखला." टाळ्या. फोटो. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं. साहेब, हे तुमचं दुसरं खोटं. आजार ओळखला मामांच्या डोळ्यांनी आणि तडा गेलेल्या पडद्याने. महाराणीने नंतर कारण सांगितलं. कारण सांगणं ही लहान गोष्ट नाही, हे मी जळत जळत का होईना, कबूल करतो. ती शहाणी आहे. पण तिच्या शहाणपणाचं तुम्ही काय केलंत? फुलं वाहिलीत. ती सांगत होती ते ऐकलंत का?

कारण तिने आणखी एक नाव दिलं होतं. निवळीच्या धाकट्या भावाचं.

भाऊ क्रेन चालवतो. बांधकामावर, दहा मजल्यांच्या उंचीवर, एका लोखंडी खोलीत दिवसभर एकटा. खाली माणसं उभी, वर हवेत लोखंडाचे गर्डर. त्याचं रक्तही बहिणीसारखंच निवळ. अक्षरही तेच. आणि महिन्याभरापासून जेवल्यावर त्याच्या उजव्या बरगडीखाली कळ येते. चष्मेवाल्या बाईने सोनोग्राफीचा अर्ज स्वतः भरला. निवळी भावाला घेऊन आली. आमच्याकडे साहेबांच्या सहीशिवाय सोनोग्राफी होत नाही.

साहेबांनी त्याचा रक्ताचा अहवाल बघितला. "अरे वा! कोलेस्टेरॉल उत्तम. काय हवंय आणखी?"

"साहेब, माझंही उत्तमच होतं," निवळी म्हणाली.

"बाई, तुम्हाला झालं म्हणून सगळ्या खानदानाला टेबलावर झोपवायचं का? पित्ताची गोळी घ्या, तिखट कमी करा."

त्यांनी अर्जावर लिहिलं, 'रक्त उत्तम. गरज नाही.' भावाच्या चेहऱ्यावर केवढा आनंद! त्याला दवाखान्याचं भय होतंच. बोळात आल्यावर तो म्हणाला, "ऐकलंस ना ताई? एवढे मोठे डॉक्टर सांगतात. आता माझं डोकं खाऊ नकोस."

"अरे, वर असताना कळ आली तर?"

"तर दात आवळीन. दोन मिनिटांत जाते."

"आणि नाही गेली तर? खाली माणसं असतात रे."

तो हसला आणि कामावर गेला. निवळी अर्ज हातात घेऊन उभी राहिली. मग तिने तो माझ्या झाकणावर ठेवला आणि साहेबांच्या दारावर टकटक केलं. आतून आवाज आला, "नंतर." त्याला आज नऊ दिवस झाले. ती रोज टकटक करते. आतून रोज तेच येतं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी तपासनीस, कुणी मिस्त्री. यंत्रं जपा. नव्यांना पुसता तसं जुन्यांनाही पुसा. पण आम्ही जे दाखवतो ते आवडलं नाही म्हणून आम्हाला खोटं पाडू नका. आणि आम्ही चांगलं दाखवलं म्हणून माणसाकडे पाठ फिरवू नका. घरात कुणी म्हणालं, इथे दुखतंय, तर आकडा काढण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघा. एका घरात एकाला असं झालं असेल आणि दुसऱ्यालाही तशीच कळ येत असेल, तर नीट चौकशी करा.

आता साहेब, तुमच्याशी. तुम्ही सही का करत नाही, हे मला ठाऊक आहे. भावाला सोनोग्राफीला पाठवलंत तर उत्तम रक्ताच्या माणसालाही खडे असू शकतात, हे तुमच्या हाताने कागदावर येईल. मग कुणीतरी विचारेल, त्या तीन सोमवारी काय झालं होतं? तुम्हाला त्या प्रश्नाची भीती वाटते. त्याच्या पोटात खडे असतीलच असं मी म्हणत नाही. नसतील तर मी आनंदाने गंजत पडेन. पण बघायला पाच मिनिटं लागतात. आता दुपार झाली आहे. त्याने वर, त्या लोखंडी खोलीत, जेवणाचा डबा संपवला असेल. तुमचं दार माझ्यापासून चार पावलांवर आहे, तुमच्या खुर्चीचा आवाज मला येतो, म्हणजे तुम्ही आत आहात. बाहेर निवळी उभी आहे.

सही करणार आहात की नाही? 'नंतर' नको. हो की नाही, ते दार उघडून तिच्या तोंडावर सांगा.